मोटरवर चालणाऱ्या दुर्बिणीच्या माउंटसाठी मळ्यात नेता येईल अशी बॅटरी कोणती घ्यावी?

तुम्हाला तासगावजवळच्या मळ्यात रात्री दुर्बीण लावायची आहे, शेतीची लाईट पाळीनं येते म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. घरातली फवारणी पंपाची बॅटरी चालेल, लॅपटॉपची पॉवरबँक चालेल, की सरळ मोठं पॉवर स्टेशन (230 व्होल्टचा प्लगही असलेला बॅटरीचा डबा) घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी सांगलीची. गोटू माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारा आणि सांगितलेल्या ताऱ्याकडे ती आपोआप वळवणारा मोटरचा सांगाडा, घेऊन मीही अशाच उघड्या माळावर बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देऊन टाकते. 12.8 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या. अनेक सौर पथदिव्यांत हीच असते, त्यामुळे सोलरचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर मिळेल. एकट्या माउंटसाठी 12 अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर करंट 12 तास देईल एवढी) पुरते. दवाचा हीटर (भिंगावर दव साचू नये म्हणून लावायचा गरम पट्टा) आणि कॅमेराही लावायचा असेल तर 20 किंवा 30 ची बघा.

आता कारण. बॅटरी घेताना आपली नजर आधी एमएएचच्या, म्हणजे क्षमतेच्या, आकड्यावर जाते. माउंटचं दुखणं वेगळंच असतं, त्याला व्होल्टेज पडलेलं खपत नाही. उदाहरणार्थ स्काय-वॉचरच्या ईक्यू6-आरला 11 ते 16 व्होल्ट लागतात आणि 4 अँपिअर देणारा पुरवठा ठेवा असं कंपनी सांगते. नुसतं ट्रॅकिंग (ताऱ्याच्या मागे हळूहळू फिरणं) चालू असताना असं माउंट साधारण अर्धा अँपिअर ओढतं. पण मृगातून सप्तर्षीकडे जा म्हटलं की दोन्ही मोटरी एकदम पळतात, करंट दीड-दोन अँपिअरवर जातो आणि त्याच क्षणी कमकुवत बॅटरीचं व्होल्टेज बसतं. माउंटवरचा लाल दिवा मिचमिचतो, मोटरचा आवाज बदलतो आणि त्याहून खाली गेलं तर हँड कंट्रोलर रीसेट होतो. मग ध्रुवताऱ्याशी जुळवलेला अक्ष तेवढा शाबूत राहतो, ताऱ्यांचं अलाइनमेंट (ओळखीचे तारे दाखवून माउंटला दिशा शिकवणं) मात्र पहिल्यापासून करावं लागतं. रात्री दोन वाजता हे फार जिवावर येतं.

फवारणी पंपात बहुतेक 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते. पूर्ण चार्ज असली की 12.7 दाखवते, निम्मी उतरली की 12.1 च्या आसपास येते आणि लोड पडला की आणखी खाली. शिवाय ती दरवेळी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात खरे 4 अँपिअर-अवरच. दोन-तीन तास चंद्र आणि गुरू बघायचा असेल आणि बॅटरी नवी असेल तर खुशाल वापरा. दोन हंगाम पंपाला वापरलेली असेल तर नको. लिथियम आयर्न फॉस्फेटचं तसं नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत 13 च्या आसपास टिकून राहते आणि अगदी संपताना एकदम खाली येते. आपल्याला नेमकं हेच हवं असतं. वजनही तेवढ्याच ताकदीच्या लेड-ॲसिडपेक्षा पुष्कळ कमी.

एक खबरदारी घ्या. चार्जरवर असताना ही बॅटरी 14.6 पर्यंत चढते. तुमच्या माउंटची मर्यादा 14 किंवा त्याहून कमी लिहिलेली असेल, तर चार्जर काढून थोडा वेळ थांबा, व्होल्टेज मर्यादेच्या आत आलंय हे मोजा आणि मगच जोडा. मर्यादा काठावरचीच असेल तर मध्ये 12 व्होल्टचा बक-बूस्ट रेग्युलेटर (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी पुढे 12 च देणारा छोटा डबा) लावा.

पॉवरबँकेचं गणित सांगते. 20,000 एमएएच हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे 74 वॉट-अवर. तेच 12 व्होल्टवर काढलं की घट धरून जेमतेम 5 अँपिअर-अवर उरतात. त्यात सगळ्या पॉवरबँका 12 व्होल्ट देतच नाहीत. यूएसबी पीडीच्या (यूएसबी-सीवरून जास्त व्होल्टेज देण्याच्या पद्धतीच्या) ठरलेल्या पायऱ्या 5, 9, 15 आणि 20 च्या आहेत, 12 ची पायरी असलीच तर कंपनीच्या मर्जीनं. आणि मधेच फोन चार्जिंगला लावला तर काही पॉवरबँका क्षणभर पुरवठा तोडून पुन्हा जुळवतात, तेवढ्यात माउंट रीसेट. वायफायच्या राउटरचा मिनी यूपीएस सुचवणारेही भेटतील. तो राउटरसाठीच ठेवा.

पॉवर स्टेशन वाईट नाही, फक्त माउंटसाठी एवढा खर्च मला पटत नाही. लॅपटॉपही चालवायचा असेल तर घ्या, पण त्याचा 12 व्होल्टचा सॉकेट रेग्युलेटेड आहे का, म्हणजे बॅटरी उतरली तरी 12 च देतो का, हे आधी विचारा. आणि 230 व्होल्टच्या प्लगमध्ये माउंटचा ॲडॅप्टर खुपसू नका. 12 चे 230 आणि 230 चे परत 12 करण्यात बरीच बॅटरी फुकट जाते.

आपल्याकडे दवाचा विचार वेगळा करावाच लागतो. ज्या रात्री द्राक्ष बागायतदाराला डाऊनीची (ओलाव्यात पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाची) धास्ती असते, त्याच रात्री तुमच्या भिंगावरही पाणी साचणार. मोठ्या नळीचा हीटर पट्टा एकटाच दीड अँपिअर खातो, आठ तासांचे 12 अँपिअर-अवर झाले. ट्रॅकिंगपेक्षा हे कितीतरी जास्त! म्हणून हीटरला दुसरी बॅटरी देता आली तर उत्तम. हीटर दोन-तीन तासच लावायचा असेल तर तिथं ती फवारणी पंपाची वापरा, हीटरला व्होल्टेज थोडं घसरलेलं चालतं; रात्रभरासाठी मात्र ती पुरणार नाही.

वायरीकडे फार कमी लोक बघतात. 0.5 स्क्वेअर एमएमची 5 मीटर लांब वायर लावली, तर जाऊन-येऊन 10 मीटर तांबं होतं आणि 3 अँपिअरला एक व्होल्टहून जास्त वायरीतच जातो. बॅटरी चांगली आणि माउंट उपाशी! दीडची वायर घ्या, लांबी दोन मीटरच्या आत ठेवा, बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ 5 अँपिअरचा फ्यूज टाका. पिन बहुतेक माउंटला मधली पॉझिटिव्ह असते, तरी पहिल्यांदा जोडण्याआधी मल्टीमीटर लावून बघाच. उलटी जोडली तर बोर्ड जाऊ शकतो.

सगळं जोडून झालं की मळ्यात नेण्याआधी गच्चीवर एक चाचणी करा. माउंटला पूर्ण वजन लावा, सर्वात जास्त वेगानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फिरवा आणि त्या वेळी माउंटच्या बाजूच्या टोकाला व्होल्टेज मोजा. 12 च्या वर राहिलं तर निर्धास्त जा. खाली आलं तर आधी वायर आणि पिन तपासा, बॅटरीला दोष नंतर द्या.

माउंटचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. ते आणि हीटर लावणार की नाही एवढं कळवलंत, तर 12 ची घ्यायची की 20 ची ते नेमकं सांगते.