शेजाऱ्यांचा कुत्रा उपाशी आणि कायम बांधलेला दिसतो. तक्रार करावी की शेजार सांभाळावा?

तुमचा प्रश्न असा की, शेजारचा कुत्रा रात्रंदिवस साखळीला असतो, बरगड्या मोजता येतात, तक्रार केली तर शेजार तुटेल का? तुटेल. माझ्या माहेरचा तुटला, अजून जुळलेला नाही. तरी तक्रार करा.

२०१९ च्या उन्हाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी दोन महिने अकोल्याला जाऊन राहिले. घर दादा-वहिनीचं. आईला अंथरुणात पडल्या पडल्या वर्षभराच्या कुरडयांची काळजी, म्हणून वाळवणं घालायला मी पहाटेच गच्चीवर जायचे. आमच्या गच्चीला लागून शेजारच्या काकांची गच्ची, मध्ये कमरेएवढी भिंत. तिथे कॉलमच्या उघड्या सळईला ब्रूनो बांधलेला असायचा. लॅब्रॅडॉर. काकांच्या मुलाने हौसेने आणला होता. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, कुत्रा मागे राहिला. काकांचे गुडघे गेलेले, काकूंनाही जिना चढवत नव्हता.

पहाटे मला काही वावगं वाटलं नाही. अकरा वाजता कुरडया उलटवायला गेले तेव्हा दिसलं. सकाळी जिन्याच्या खोलीची सावली त्याच्या अंगावर असायची. ऊन चढलं की ती भिंतीपाशी आक्रसायची आणि साखळी तिथवर पुरायची नाही. पारा ४५ च्या आसपास. स्लॅबवर पाय टेकवत नव्हते, तो एकेक पाय उचलून उभा राहायचा. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांतून, तोही नावापुरता. अंगातली आग धापा टाकूनच बाहेर काढायची, आणि त्याला पाणी लागतं. त्याच्या भांड्यात शेवाळ होतं. टाकी भरून वाहायची तेव्हा तो पाइपाखाली तोंड धरून उभा राहायचा, आणि नळ काही रोज येत नव्हता.

दादा म्हणतो, आधी बोलायला हवं होतंस, एकदम पोलिसांत कशाला गेलीस. हे मी घरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ऐकलंय. मी दोनदा बोलले होते. पहिल्यांदा काकूंशी. त्या म्हणाल्या, "पोराचा आहे गं तो. संध्याकाळी पोळ्या टाकतो आम्ही." मी म्हटलं, सकाळी मी त्याला खाली फिरवून आणते, पाणी मी भरते, तुम्ही वर येऊही नका. त्या विचारून सांगते म्हणाल्या. चार दिवसांनी काकांनाच गाठलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "आमच्या घरात लक्ष घालायचं नाही." दोन्ही वेळा दादा दुकानात होता. भिंतीवरून मी पाण्याची बादली सरकवायला लागले, तर दोन दिवसांत ती आमच्या अंगणात परत आली.

मग मी फोटो काढायला लागले. आमच्याच गच्चीवरून, नऊ दिवस, सकाळी सात, दुपारी बारा, दुपारी तीन. भांडं, साखळी, सावली कुठवर आहे ते, आणि त्याची कंबर. तुम्हीही हेच करा आणि आजपासून करा, कारण या कायद्यात गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आतच खटला दाखल करता येतो. कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे, आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने न फिरवणं हा तर कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलेला वेगळा गुन्हा आहे.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा हसले. हे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होते, पुढे कोर्टात जा म्हणतात. त्यावर चिडून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, दोन प्रतींत, एकीवर पोच घ्या. माझ्या बाबतीत दुसऱ्या दिवशी एक हवालदार दारात येऊन गेले. त्यांनी दमदाटी केली नाही, काकांना फक्त विचारलं, "बाबा, झेपत नाही तर देत का नाही कोणाला?" तेवढ्याने काम झालं. प्राण्यांसाठी धडपडणारी गावातली दोन मुलं डॉक्टरांना घेऊन आली. ब्रूनो १९ किलो भरला, त्या जातीचा नर तिशीच्या पुढे असतो. पट्ट्याखाली गोचीडच गोचीड, आणि पट्टा रुतून मानेला जखम, तिच्यात अळ्या. पोळ्या टाकणाऱ्यांना ते दिसलं नव्हतं, कारण जिन्याच्या दारातूनच पोळ्या टाकल्या जात होत्या.

काकूंनी खालून त्याची फाइल आणून दिली. पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी वेळेवर, सुवाच्य अक्षरात. नंतर कोरं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मालकाकडून कुत्रा स्वखुशीने देत असल्याचं सहीचं पत्र घ्या, साध्या कागदावर का होईना. त्याच रात्री पुण्याहून मुलाचा दादाला फोन आला, "तुमच्या बहिणीने आमचा कुत्रा चोरला." ते पत्र नसतं तर खरंच चोरीची तक्रार झाली असती. तुम्हाला कितीही कीव आली तरी रात्री साखळी सोडून कुत्रा न्यायचा नाही.

दादाचं दुसरं म्हणणं, मी म्हाताऱ्या माणसाला तुरुंगात घालायला निघाले होते. या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला शिक्षा म्हणजे १० ते ५० रुपये दंड. पन्नास रुपये. कैदेची भाषा येते ती तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर. काकांचं मी जे नुकसान केलं ते एवढंच. अब्रू गेली म्हणाल, तर ती गच्चीवर चारचौघांच्या डोळ्यांसमोर बांधून ठेवली होती. आजूबाजूची सगळी घरं वाळवणं घालायला वर येत होती आणि मान वळवून खाली जात होती.

त्याची तिसरी गोष्ट मात्र मला खोडता येत नाही. "तू दोन महिने राहून गेलीस, इथे राहायचं आम्हाला आहे." खरं आहे. आईला बघायला काकू रोज यायच्या, त्या दिवसानंतर आल्या नाहीत. आईने मला कधी बोल लावला नाही, पण दुपारी फाटक वाजलं की ती दाराकडे बघायची. तुम्ही भाड्याने राहत असाल किंवा घरात म्हातारं माणूस असेल, तर अर्जावर तुमचंच नाव असायला हवं असं नाही. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात जा, प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीचं काम कोण बघतं ते विचारा, किंवा एखाद्या प्राणिमित्र संस्थेला अर्ज करायला सांगा.

आणि हेही बघा की प्रत्येक हडकुळा कुत्रा उपाशी नसतो. म्हातारपण, मूत्रपिंडाचा आजार, गोचिडांमुळे येणारा ताप, यात नीट खाऊपिऊ घातलेला कुत्राही वाळतो. औषधं चालू आहेत का, एवढं आधी विचारा. मी विचारलं होतं.

ब्रूनो नंतर बार्शीटाकळीकडे एका शेतावर गेला, तिथे बरा झाला. मुलांनी फोटो पाठवला होता, तो मी दादाला दाखवलेला नाही.

तुम्ही बरगड्यांचं लिहिलंय, साखळीचं लिहिलंय. पाण्याचं काहीच लिहिलेलं नाही. उद्या दुपारी दोन वाजता जाऊन त्याचं भांडं बघा.