संत्र्याचा बहर बाटलीत का उतरत नाही?

प्रश्न : आमची वरूड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. ‘संत्र्याच्या फुलांचा ताजा बहर’ असे वर्णन वाचून पत्नीसाठी परफ्यूम मागवला, तर बाटली उघडताच न्हाव्याच्या दुकानात शिरल्यासारखे वाटले. आमचेच नाक चुकते काय?

उत्तर : आंबिया बहरात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, ज्यांच्या धुऱ्यापर्यंत तो दरवळ येतो, त्यांचे नाक चुकले असे म्हणण्याची माझी छाती नाही. घोळ संत्र्याच्या जातीचा आहे. सुगंधाच्या धंद्यात ‘ऑरेंज ब्लॉसम’ म्हणतात ते फूल कडू संत्र्याचे असते; आपला नागपुरी संत्रा मँडरिन वर्गातला, आणि दोन्हींचा वास एकसारखा नाही. कडू संत्र्याच्या फुलांपासून वाफेने जे तेल काढतात ते नेरोली. युरोपात अठराव्या शतकापासून ते कोलोनमध्ये, म्हणजे अंगाला लावायच्या हलक्या सुगंधी द्रवात, वापरले जाते आणि दाढीनंतर न्हावी गालावर जे लावतो त्यातले बरेचसे त्याच घराण्यातले असते, त्यामुळे तुम्हाला आलेली आठवण अगदी रास्त आहे. शिवाय १ किलो नेरोली तेलासाठी साधारण १ टन फुले लागतात, तेव्हा तीन-चारशे रुपयांच्या बाटलीत प्रयोगशाळेत तयार केलेले घटकच असणार. त्यात गैर काही नाही, उत्तम परफ्यूममध्येही ते असतात. मात्र वर्णन लिहिणारा बागेचे चित्र रंगवतो आणि आपण ते घटकांची यादी समजून वाचतो. एक करून पाहा : मनगटावर एकदाच फवारा, चोळू नका आणि अर्ध्या तासाने हुंगा. लिंबूवर्गीय वास सर्वांत आधी उडून जातो, त्यामागे राहिलेला वास पसंत पडला तर बाटली ठेवा.

प्रश्न : ‘पहिल्या पावसाची माती’ नावाच्या अत्तराला चिरलेल्या बीटाचा वास येतो. ही भेसळ आहे का? (पांढरकवडा)

उत्तर : उलट, ही खूण बरी आहे. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. पावसाच्या वासात ते असते आणि बीटाचा मातकट वासही त्याचाच. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला, अत्तरांच्या गावी, भाजलेली माती तांब्याच्या देगेत पाण्यासह तापवून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, म्हणून अस्सल मातीच्या अत्तरात चंदन मागाहून जाणवते. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीवर पहिली सर पडल्यावरचा हुबेहूब वास मात्र त्यात शोधू नका, कारण माती वेगळी आणि ती आधीच भट्टीत भाजलेली असते.

प्रश्न : मला कस्तुरीचा म्हणून दिलेला परफ्यूम घरच्यांना भरपूर येतो, मला मात्र काहीच येत नाही.

उत्तर : काही कृत्रिम कस्तुरीगंध काही माणसांना जाणवतच नाहीत. बाटली घरातल्या दुसऱ्या कोणाला द्या.

प्रश्न : ‘शंभर टक्के नैसर्गिक मोगरा’ म्हणून मागवलेल्या बाटलीवरच्या यादीत कृत्रिम सुगंध लिहिलेला आहे. सील फोडले म्हणून विक्रेता परत घेत नाही. (आर्वी)

उत्तर : सील न फोडता मोगरा हुंगायचा कसा, हे त्यानेच सांगावे. ‘मनाला भुरळ घालणारा’ यासारख्या शब्दांवर तक्रार उभी राहणे कठीण असते. परंतु ‘शंभर टक्के नैसर्गिक’, मिलिलिटरचे माप किंवा ‘अल्कोहोलविरहित’ हे तपासता येणारे दावे आहेत. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. आधी त्याला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्याने भागले नाही तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, मुदत २ वर्षांची आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र विक्रेत्याला कळवण्यापूर्वीच काढून ठेवा.