काळी रेष खरंच काळी असते का?

तुमचा प्रश्न असा की सूर्याच्या पृष्ठभागावरचा थंड वायू प्रकाश शोषतो तसा परत सोडतोही, मग सूर्याच्या वर्णपटात (प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात) रेष काळी का, आणि हे कुणी तपासलंय का. तपासलंय, आणि थोडंफार तुम्हाला गच्चीवरूनही बघता येईल.

आधी एक, ती काळी नसतेच हो, शेजारच्या लखलखाटापुढे तशी वाटते. हायड्रोजन-अल्फा (एच-अल्फा, ६५६.३ नॅनोमीटर) या हायड्रोजनच्या लाल भागातल्या रेषेच्या मधोमध शेजारच्या साधारण १६ टक्के प्रकाश असतो. शोषलेला प्रकाश वायू सगळ्या दिशांना सोडतो, आपल्या वाट्याला थोडाच येतो. म्हणजे मागचा लखलखाट झाकला तर तीच रेष उजळ दिसायला हवी ना? अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स यंगने २२ डिसेंबर १८७० च्या खग्रास ग्रहणात स्पेनमधून नेमकं तेच पाहिलं, चंद्राने बिंब झाकलं त्या क्षणी काळ्या रेषा एकदम उजळल्या, त्याही जेमतेम एक-दोन सेकंद.

मला मात्र त्याहून भारी वाटते ती जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्ट्सशिल्डची १९१४ ची चाचणी (हो हो, कृष्णविवरवालेच). बिंबाच्या मध्यावर नजर खोल जाते, कडेला तिरकी पडते म्हणून वरच्या थरातच अडकते. आता वायू शोषलेली ऊर्जा स्वतःच्या तापमानाप्रमाणे परत सोडत असेल तर कडेला रेष आणि शेजार दोन्ही जवळजवळ सारख्याच तापमानाच्या थरातून येणार, म्हणजे रेष पुसट व्हायला पाहिजे, आणि आलेला प्रकाश नुसता विखुरत (तापमानाशी संबंध न ठेवता इकडेतिकडे फेकत) असेल तर ती कडेलाही ठसठशीत राहणार. कॅल्शियमच्या एच आणि के नावाच्या रेषा कडेलाही टिकून राहिल्या, म्हणजे तिथे विखुरणं वरचढ. पुस्तकातलं "थंड वायू शोषतो" हे एक वाक्य इथे तोकडं पडतं.

गच्चीवर काय करायचं? कुणाकडे एच-अल्फा दुर्बीण (फक्त त्या रेषेचा प्रकाश दाखवणारी) असेल तर एखादं फिलामेंट (सूर्यावर तरंगणारा वायूचा लांबट पट्टा) रोज बघा. बिंबावर काळा दोरा दिसतो, सूर्य फिरत तो कडेला आला की तोच वायू काळ्या आकाशावर लालभडक ज्वाळा म्हणून दिसतो. वायू तोच, फक्त पार्श्वभूमी बदलली. मग दुर्बिणीचं ट्यूनिंग (ती कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश दाखवते ते) एखाद अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) सरकवा, दोरा गायब होतो आणि सूर्यडाग, खालचा पृष्ठभाग स्पष्ट होतो, कारण रेषेच्या कडेचा प्रकाश खोलातून येतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा दुर्बीणच बिघडली असं वाटून अर्धा तास स्क्रू काढत बसलो होतो.

साध्या दुर्बिणीला डोळा लावू नका, फिल्टर सूर्यासाठीचाच आणि पुढच्या बाजूला.