एक फुफ्फुस बंद ठेवून ऑपरेशन?

प्रश्न: बाबा ६४ वर्षांचे, निपाणीत तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढायचाय, बेळगावला. भूलवाले डॉक्टर म्हणाले एक फुफ्फुस बंद ठेवणार. आईनं हायच खाल्लीय. (चिक्कोडीहून एक वाचक)

उत्तर: ताई, आईंना सांगा, ते ऑपरेशनपुरतंच बंद असतं, सर्जनला जागा मिळावी म्हणून, आणि शेवटी उरलेला भाग परत फुगवतात. डबल ल्युमेन ट्यूब म्हणजे दोन मार्गांची नळी घालतात, तोवर श्वास डाव्या फुफ्फुसावर चालतो. नळी जराशी सरकली तरी ऑक्सिजन घसरू शकतो म्हणून ब्रॉन्कोस्कोपनं, म्हणजे श्वासनळीत घालायच्या बारीक दुर्बिणीनं, आत बघून ती बसवतात, कुशीवर वळवल्यावर परत बघतात, आणि खरं कसब इथंच आहे. म्हणून भूलवाल्या डॉक्टरांना बिनधास्त विचारा, अशा केसेस नेहमी करता का? हे डॉक्टर एमबीबीएसनंतर ३ वर्षं भूलशास्त्रात एमडी करतात, काहीजण पुढं आणखी ३ वर्षं कार्डियाक अ‍ॅनेस्थेशियात, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनच्या भुलीत, डीएम करतात, त्यात छातीचंही काम येतं.

पाठीतून एपिड्युरल किंवा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक, म्हणजे छातीच्या नसा बधिर करणारं औषध, देणार का तेही विचारा, दुखणं कमी असलं तरच माणूस खोकून कफ काढतो, नाहीतर न्यूमोनियाची भीती. आणि बाबांची बिडी आजच बंद करा, हात जोडून सांगते.