कोर्स कोणताही घ्या, पण रोलबॅक हाताने करून पाहिल्याशिवाय पैसे भरू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदूरच्या विजयनगरमधल्या ऑफिसातून पीथमपूरच्या प्लँटमधल्या स्विचवर कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ४० (एकाच नेटवर्कमधला वेगळा कप्पा) टाकला, एंटर दाबताच सगळा प्लँट गेला, रात्री एक वाजता गाडी काढावी लागली. आता कंपनी म्हणते चेंज मॅनेजमेंटचं (नेटवर्कमधले बदल आखून, मंजुरी घेऊन करायच्या पद्धतीचं) ट्रेनिंग करून या, आणि तुम्ही विचारताय कोणता कोर्स घेऊ. असाच फटका मलाही बसला आहे, तोही फी भरून ट्रेनिंग केल्यानंतर, म्हणून सविस्तर लिहितो. मी सिस्को आयओएस (सिस्कोच्या स्विच-राउटरवरचं सॉफ्टवेअर) धरून लिहितोय. तुमचं मॉडेल आणि आवृत्ती वेगळी असेल तर आधी तपासा.

कमांड तुम्ही दिलेली नाही, पण लक्षणं ओळखीची आहेत. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या लिंकवर) ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’ असं लिहिलं की जुनी यादी पुसली जाते आणि एकटा ४० उरतो. मधे ‘ॲड’ हवं होतं. स्विचमध्ये लांबून शिरायचा, मॅनेजमेंटचा व्हीलॅनही त्याच ट्रंकवरून जात असणार, म्हणजे सुधारायला परत आत शिरायची वाटही गेली. दोन्ही टोकं बदलायची असतील तर आधी लांबचं टोक, मग जवळचं. आधी आणि नंतर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’चं आउटपुट फाइलमध्ये ठेवा. एवढं पुरे, हे तुम्ही आता जन्मात विसरणार नाही.

मला मात्र याहून जास्त महागात पडला तो चेंजच्या फॉर्ममधला रोलबॅकचा, म्हणजे बदल फसला तर मागे कसं फिरायचं याचा, रकाना. मी जिथे ट्रेनिंग केलं त्या संस्थेचं नाव घेत नाही. पाच दिवस स्लाइड्स, स्टँडर्ड, नॉर्मल आणि इमर्जन्सी चेंजच्या व्याख्या, आणि रोलबॅकच्या रकान्यात ‘जुनं कॉन्फिग (सेटिंग्जची यादी) परत टाकणे’ एवढं लिहिलं की पूर्ण गुण. स्विचला हात कुणी लावूच दिला नाही. आणि ते वाक्यच चुकीचं आहे, याचा राग अजून जात नाही.

आयओएसवर जुनं कॉन्फिग पेस्ट केलं की ते चालू कॉन्फिगमध्ये मिसळतं, त्याची जागा घेत नाही. समजा इंटरनेटची लिंक बदलताना तुम्ही जुना डिफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची ठरलेली वाट) काढून नव्या प्रोव्हायडरकडे टाकला. लिंक चालली नाही म्हणून जुनी फाइल पेस्ट केली. जुना रूट परत आला, पण नवाही तिथेच राहिला. नव्या लिंकचा पोर्ट वर असेल, नुसतं पलीकडे काही जात नसेल, तर राउटर दोन्ही रूट सारखेच धरतो आणि ट्रॅफिक वाटून देतो. वाटप पत्त्यांच्या जोडीप्रमाणे होतं, म्हणून काही मशिन्स व्यवस्थित चालतात, काही अजिबात नाही. तुमच्या लॅपटॉपवरून पिंग लागतो, बिलिंगचं मशीन अडकलेलं असतं, आणि तुम्ही रोलबॅक झाला समजून विंडो (कामासाठी ठरवून दिलेली वेळ) बंद करता. ॲक्सेस लिस्टचंही (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं त्या नियमांचं) तसंच: नव्या ओळी जात नाहीत, त्यामुळे जुना क्रम परत येत नाही.

यावर दोन उपाय. पहिला, फॉर्ममध्ये रोलबॅकच्या ओळी प्रत्यक्ष लिहा, प्रत्येक नव्या ओळीपुढे तिला काढणारी ‘नो’ची ओळ. दुसरा, आणि माझ्या मते चांगला, ‘कॉन्फिगर रिप्लेस’. तो फाइल आणि चालू कॉन्फिग यांतला फरक काढून जादाच्या ओळी स्वतः उडवतो. त्यासाठी चेंजच्या आधी चालू कॉन्फिगची प्रत फ्लॅशवर ठेवा. ऐन वेळी सर्व्हरवरून आणू म्हणाल तर सर्व्हरपर्यंतची वाटच तुटलेली असू शकते.

लांबच्या साइटसाठी आपोआप मागे फिरणारी सोय हवीच. जुनी पद्धत म्हणजे ‘रीलोड इन १०’. आधी कॉन्फिग सेव्ह, मग टायमर, मग चेंज, मग तपासणी, मग ‘रीलोड कॅन्सल’, आणि शेवटी परत सेव्ह. हा क्रम मोडू नका. तपासणीआधी सवयीने सेव्ह केलंत तर स्विच रीबूट होऊन चुकलेलंच कॉन्फिग घेऊन वर येईल. शिवाय रीबूटमध्ये अख्खा स्विच काही मिनिटं जातो, आणि पीओईवरचे (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे आणि फोनही त्याच्याबरोबर. म्हणून आवृत्ती देत असेल तर आर्काइव्हचा पाथ (जुन्या कॉन्फिगच्या प्रती ठेवायची जागा) एकदा सेट करा आणि ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५’ने आत शिरा. पाच मिनिटांत ‘कॉन्फिगर कन्फर्म’ दिलं नाही तर रीबूटशिवाय जुनं कॉन्फिग परत येतं. ज्युनिपर कंपनीच्या उपकरणांवर हेच काम ‘कमिट कन्फर्म्ड’ करतं, आकडा दिला नाही तर १० मिनिटं धरतं. मायक्रोटिकच्या राउटरवर यासाठी सेफ मोड आहे.

फॉर्मवर वेळेचं गणितही लिहा. ११ ते १ अशी विंडो असेल तर ४० मिनिटं काम, २० मिनिटं तपासणी, ३० मिनिटं रोलबॅक, उरलेला अर्धा तास राखीव. म्हणजे १२ वाजता ‘चालतंय’ असं ठाम म्हणता येत नसेल तर मागे फिरायचं. ‘आणखी पाच मिनिटं’ म्हणणारा साहेब फोनवर असला तरी ही वेळ आधीच सहीने ठरलेली असली की वाद होत नाही.

तपासणी म्हणजे नुसता पिंग नव्हे. फायरवॉल बदलून तोच आयपी ठेवलात तर पलीकडच्या सिस्को राउटरच्या एआरपीमध्ये (कोणता आयपी कोणत्या उपकरणाचा त्या यादीत) जुना मॅक, म्हणजे जुन्या उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, ४ तासांपर्यंत बसून राहू शकतो. नवी फायरवॉल निर्दोष, तरीही नेट नाही, आणि प्रोव्हायडरचा माणूस सांगतो आमच्याकडून सगळं ठीक आहे. त्याला एआरपी क्लिअर करायला लावायची तयारी आधीच ठेवा.

आणि ‘मागचे चेंज नीट झाले, हाही होईल’ असं धरू नका. जुलै २०२२ मध्ये कॅनडात रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क पडलं, १ कोटीहून जास्त ग्राहकांची सेवा गेली. सात टप्प्यांच्या कामातला तो सहावा टप्पा होता. आधीचे टप्पे सुरळीत गेले म्हणून जोखमीचा दर्जा खाली आणला गेला होता, आणि रूटिंगचा एक फिल्टर काढल्यावर कोर राउटर रूट्सच्या पुरात बुडाले. मॅनेजमेंटची वाटही त्याच नेटवर्कवर होती, म्हणून त्यांच्याच माणसांना आत शिरता येईना. तुमच्या पीथमपूरचीही अडचण हीच. तिथे स्विचच्या कन्सोलला (थेट केबलने आत शिरायच्या पोर्टला) जोडलेला एक ४जी राउटर बसवा, मुख्य लिंकपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम घाला, आणि महिन्यातून एकदा त्यातून लॉगिन करून पाहा. सिक्युरिटीची परवानगी मात्र लेखी घ्या.

आता कोर्स. इंदूरच्या भंवरकुव्यातल्या क्लासमध्ये चौकशी कराल तर सर्टिफिकेटचं नाव शेवटी विचारा. आधी विचारा: खरा स्विच किंवा जीएनएस३, ईव्ह-एनजीसारखी (कॉम्प्युटरवर नकली नेटवर्क उभारणारी) लॅब देता का? मुद्दाम चुकीचा चेंज करून घड्याळ लावून रोलबॅक करवता का? कॉन्फिग मिसळणं आणि पूर्ण बदलणं यातला फरक करून दाखवता का? उत्तर गोलगोल आलं तर उठा. आयटीआयएलचं (आयटी सेवा चालवायच्या पद्धतींचं) फाउंडेशन सर्टिफिकेट वाईट नाही. मॅनेजमेंटशी बोलताना ती भाषा लागते, आणि चौथ्या आवृत्तीत तर ते चेंज मॅनेजमेंटला ‘चेंज एनेबलमेंट’ म्हणतात. पण त्याने ट्रंक तुटायचा थांबत नाही. कंपनी एकाच गोष्टीचे पैसे देणार असेल तर माझं मत लॅबला. हे माझं मत आहे, तुमच्या साहेबांचं वेगळं असू शकतं.

घरी सरावाला सिस्कोचे जुने वापरलेले दोन २९६० स्विच पुरतात. पॅकेट ट्रेसर (सिस्कोचा सरावाचा सिम्युलेटर) ट्रंकपुरता ठीक, सगळ्या कमांड त्यात मिळत नाहीत. कन्सोल केबल आणि यूएसबी कन्व्हर्टरचा एक जोड प्लँटच्या रॅकमध्येच टेपने चिकटवून ठेवा, शेजारी ‘९६०० बॉड’ (कन्सोलचा वेग) लिहून. रॅकची किल्ली कुणाकडे असते तेही फॉर्मवर येऊ द्या.

पुढच्या चेंजचा फॉर्म, आयपी आणि पासवर्ड काढून, इथे टाकलात तर रोलबॅकच्या ओळी मी पाहून देईन.