तैवानच्या स्थानिक राजकारणात ठसा उमटवलेली महिला नेता कोण?

एकच नाव सांगायचं तर चेन चू. या काऊशुंग या बंदराच्या शहराच्या महापौर होत्या. एक गोष्ट आधीच सांगतो : 'महापौर' म्हटलं की आपल्याला नगरसेवकांनी निवडलेली, फिती कापणारी व्यक्ती आठवते, कारण खरा कारभार आयुक्तांच्या हाती. तिथे महापौराला लोक थेट निवडून देतात आणि शहर तोच चालवतो.

डिसेंबर १९७९ मध्ये याच काऊशुंगमध्ये मानवी हक्क दिनाच्या मोर्चावरून धरपकड झाली. लष्करी कायद्याचा तो काळ. लष्करी न्यायालयापुढे उभ्या केलेल्या आठ जणांत दोन बायका होत्या, एक चेन चू आणि दुसऱ्या पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या ॲनेट लू. कलम राजद्रोहाचं, म्हणजे मृत्युदंडही होऊ शकला असता. चेन चू यांना शिक्षा झाली बारा वर्षांची. त्यातली सहा वर्षं त्यांनी भोगली.

तुरुंगाची ही गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र त्यानंतरची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. आधी तैपेईत आणि मग काऊशुंगमध्ये त्यांनी समाजकल्याण खातं सांभाळलं. २००० पासून त्या केंद्रात कामगार खात्याच्या प्रमुख होत्या. २००५ मध्ये काऊशुंग मेट्रोच्या कामावरच्या थाई मजुरांनी हलाखीच्या राहणीला कंटाळून दंगल केली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. आता संपल्या, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, त्या त्याच शहराच्या महापौरपदासाठी उभ्या राहिल्या आणि जिंकल्या, फक्त १,११४ मतांनी! निकाल कोर्टात गेला, खालच्या कोर्टाने तो रद्दही केला, वरच्या कोर्टात टिकला. थेट केंद्राच्या अखत्यारीतल्या महानगरात निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला महापौर.

२०१० मध्ये शहर आणि आजूबाजूचा जिल्हा एक झाला, तेव्हाही त्याच निवडून आल्या. २०१४ मध्ये ३१ जुलैच्या रात्री जमिनीखालच्या वायुवाहिनीचे स्फोट झाले, रस्तेच्या रस्ते उखडले, ३२ माणसं गेली. पालिकेवर टीकेची झोड उठली. चार महिन्यांनी मतदान झालं आणि त्यांना ६८ टक्के मतं पडली. १,११४ वरून ६८ टक्के!

एप्रिल २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या महासचिव म्हणून त्या तैपेईला गेल्या. शहरावरचं कर्ज मात्र मागे राहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस विरोधी पक्षाच्या हान क्वो-यू यांनी त्या कर्जाचा भरपूर गाजावाजा केला आणि काऊशुंगची सत्ता घेतली.