मुलांच्या संसर्गजन्य आजारांची डॉक्टर व्हायचंय, वाट कुठून जाते?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. आम्ही हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. लहान मुलांच्या संसर्गजन्य आजारांचीच डॉक्टर व्हायचं, असं तिने ठरवलंय. तिचे बाबा म्हणतात, बालरोगतज्ज्ञ झाली तरी पुष्कळ, त्याच्यापुढे आणखी काय शिकायचं? असं वेगळं शिक्षण असतं का? किती वर्षं लागतात? नीटमध्ये मार्क कमी पडले तर काय? आणि सतत आजारी मुलांमध्ये राहून तिलाच काही झालं तर? – एक आई

उत्तर : ताई, नमस्कार. असं शिक्षण असतं, पण त्याला सरळ दार नाही. आधी एमबीबीएस, मग बालरोग आणि त्यानंतर हा विषय. बारावीच्या मुलीने आजच ‘मी फक्त संसर्गजन्य आजारच बघणार’ असं ठरवलं तरी पहिली आठ-नऊ वर्षं तिला इतर सगळ्यांसारखंच शिकायचं आहे. त्यामुळे घरात आत्ताच वाद घालण्याचं कारण नाही. बाबा म्हणतात तो मुक्काम तिच्या वाटेवरच आहे.

वर्षांचा हिशेब असा. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून शिकली तर बंधपत्रित सेवेचं, म्हणजे करारानुसार सरकारी दवाखान्यात काम करण्याचं, एक वर्ष धरा. याचे नियम बदलत असतात, प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. मग नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा आणि एमडी किंवा त्याच्या तोडीची डीएनबी पदवी बालरोगात, तीन वर्षं. दोन वर्षांचा डीसीएच डिप्लोमाही असतो, पण पुढे विशेष शाखेत जायचं तर तो एकटा पुरत नाही. बालरोगानंतर दोन रस्ते आहेत. एक फेलोशिपचा, साधारण एक-दोन वर्षांचा. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची संसर्गजन्य रोगांची स्वतंत्र शाखा आहे, आणि नाशिकचं आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठही वेगवेगळ्या विषयांत फेलोशिप देतं. दुसरा रस्ता डीएमचा, म्हणजे एमडीच्या वरच्या पदवीचा, तीन वर्षं, त्यासाठी नीट-एसएस ही परीक्षा. डीएमच्या जागा देशभरातच मोजक्या आहेत. सगळं वेळच्या वेळी झालं तर फेलोशिप करून ती एकोणतीस-तिशीत मोकळी होईल, डीएम केलं तर एकतिशी-बत्तिशीत. नीट-पीजीला एखादं वर्ष जास्त जाणं नेहमीचंच आहे, तेही मनात धरा.

एक गैरसमज पत्रांमधून पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून सांगतो. बीएएमएस करून एमडी बालरोगाला प्रवेश मिळत नाही. आयुर्वेदात कौमारभृत्य ही बालरोगाची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे, पण तो रस्ता वेगळा. ‘आधी बीएएमएस घेऊ, पुढे बघू’ असं कुणी सुचवलं तर हे ध्यानात ठेवा.

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो रास्त आहे. ताप, जुलाब, खोकला तर प्रत्येक बालरोगतज्ज्ञ बघतोच. मग हा वेगळा तज्ज्ञ करतो काय? टायफॉइडचंच घ्या. मुलाला पाच दिवस ताप, गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस अँटिबायोटिक दिलंय आणि हातात विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट. विडालमध्ये दिसतात त्या जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) पातळ्या. पहिल्या आठवड्यात त्या वाढलेल्या नसतात, आणि आपल्याकडे जुन्या संसर्गामुळे ही टेस्ट उगाच पॉझिटिव्हही येते. त्यामुळे एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारणं धोक्याचं. खरा पुरावा रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघण्याचा, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घ्यायला हवं. लहान मुलाचं एक ते तीन मिली रक्त मुलांसाठीच्या खास बाटलीत घ्यायचं. अर्धा मिली घेतलं तर रक्तात जंतू असूनही बाटलीत काही वाढत नाही, कारण टायफॉइडमध्ये रक्तातले जंतू मुळात थोडे असतात. सुई टोचण्याआधी कातडीला लावलेलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक पुरतं वाळू द्यायचं. घाई केली की कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात आणि मुलाला नको ते औषध सुरू होतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. इतकं सगळं नीट केलं तरी टायफॉइडच्या बऱ्याच मुलांत कल्चर निगेटिव्ह येतं, हेही पालकांना आधीच सांगावं लागतं.

पुढची चूक उपचारात होते. औषध अगदी बरोबर असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी नातेवाईक अस्वस्थ होतात, डॉक्टरही डगमगतात आणि अँटिबायोटिक बदललं जातं. नवं औषध सुरू झालं की योगायोगाने ताप उतरतो आणि श्रेय नव्या औषधाला मिळतं. ताप आहे, पण मूल खातंय, खेळतंय, पोट फुगलेलं नाही, तर थांबायचं, हे सांगायला हिंमत आणि अभ्यास दोन्ही लागतात. या शाखेचं निम्मं काम अँटिबायोटिक लिहिण्याचं नाही, तर न लिहिण्याचं, बंद करण्याचं किंवा जास्त ताकदीच्या औषधावरून साध्या औषधावर आणण्याचं आहे. तुमच्या मुलीला ‘जोरदार औषध देऊन बरं करणारी डॉक्टर’ हे चित्र आवडत असेल तर तिला हे आधीच कळू द्या.

क्षयरोगात आणखी वेगळी अडचण. लहान मुलं थुंकी बाहेर काढत नाहीत, गिळतात. म्हणून पहाटे, मूल अंथरुणातून उठायच्या आत, उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढतात आणि जीन एक्स्पर्ट या क्षयाचे जंतू शोधणाऱ्या टेस्टला पाठवतात. मुलांमध्ये जंतू कमी असल्याने रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी क्षय नाही असं म्हणता येत नाही. वजन, एक्स-रे, घरात कुणाला खोकला आहे का, यांवर निर्णय घ्यावा लागतो. मुलाचा क्षय बहुतेक वेळा घरातल्याच एखाद्या मोठ्या माणसाकडून आलेला असतो, त्यामुळे आजोबांना तपासायला बोलावणं हाही उपचाराचाच भाग. डेंग्यूत उलटं होतं : ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि धोक्याचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. पोट दुखणं, सारख्या उलट्या, गार हातपाय, कमी झालेली लघवी याकडे बघायचं असतं. घरच्यांचं सगळं लक्ष मात्र प्लेटलेटच्या आकड्यावर असतं. सलाईन कमी पडलं तरी वाईट आणि जास्त झालं तर फुप्फुसात पाणी, म्हणून ते वजनाप्रमाणे दर तासाला मोजून द्यावं लागतं.

आणि कधी कधी यंत्र काहीच लागत नाही. न्यूमोनियाचा संशय असेल तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असले तर ते जलद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की हमखास चुकतं, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही.

प्रतिबंधाचं काम या शाखेत दुय्यम समजू नका. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या बाजूने गोवराची साथ पसरली, तेव्हा वॉर्डात मुलं बरी करण्याइतकंच गल्लीबोळात डोस राहिलेली मुलं शोधणं महत्त्वाचं होतं. गोवर इतका पसरतो की वस्तीतल्या शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळाले तरच साथ अडते. पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून ते आल्यानंतर चार दिवसांपर्यंत मूल दुसऱ्यांना लागण करतं. म्हणजे निदान होईपर्यंत अर्धा वर्ग गाठलेला असतो. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सरकारी मोहिमेतून मुलांना दिली. अशा मोहिमांची आखणी, लसीनंतरच्या त्रासाची नोंद, परिणामांचं मोजमाप, या सगळ्याला हे शिक्षण घेतलेली माणसं लागतात.

पैशाचं स्पष्ट बोलतो. या शाखेत ऑपरेशन नाही, महागडी प्रोसिजर नाही. कमाई सल्ल्याची, आणि स्वतंत्र पद बहुधा मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांतच. तालुक्याला परत येऊन फक्त याच्यावर दवाखाना चालणार नाही. बहुतेक जण सर्वसाधारण बालरोगाची प्रॅक्टिस, लसीकरण आणि हे काम एकत्र करतात, आणि त्यात चांगलं भागतं. हॉस्पिटलच्या संसर्ग नियंत्रण समितीचं आणि अँटिबायोटिकच्या वापरावर देखरेखीचं काम वाढतंय, तीही एक बाजू. नवजात अतिदक्षता विभागातल्या मित्राइतकी मिळकत व्हावी अशी अपेक्षा असेल तर बाबांचं म्हणणं ऐका.

तुमची काळजी तिच्या तब्येतीची. ती अनाठायी नाही, पण तिला उत्तरं आहेत. मेडिकलला प्रवेश मिळताच हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्यायचे : पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी तपासून १० (एमआययू प्रति मिली) च्या वर असल्याची खात्री करायची. हा शेवटचा भाग बहुतेक विद्यार्थी टाळतात. गोवर आणि कांजिण्या झालेल्या नसतील तर त्यांचेही दोन-दोन डोस. क्षय आणि गोवराच्या वॉर्डात साधा मास्क नाही, एन-९५. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही. सुया टोचण्याचे कितीतरी प्रकार तिथेच घडतात. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. लाजेने लपवणाऱ्यांचंच नुकसान होतं.

नीटमध्ये मार्क कमी पडले तर मुलीला एकच विचारा : तुला ओढ कशाची आहे, मुलांची, जंतूंची की साथीची? मुलांची असेल तर चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, आणि पुढे हॉस्पिटलात संसर्ग नियंत्रण परिचारिका. या कामाला मान आहे, आणि कल्चर नीट घेतलं गेलं की नाही हे बहुतेक वेळा तिच्याच हातात असतं. जंतूंची असेल तर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, एमएस्सी, पुढे पीएचडी. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि सीरम इन्स्टिट्यूट, मुंबईत हाफकिन, म्हणजे लस आणि विषाणूंचं काम आपल्या राज्यात चिकार आहे. साथीची असेल तर कुठलीही आरोग्य शाखेची पदवी घेऊन नंतर सार्वजनिक आरोग्यात एमपीएच. फक्त ‘नीट हुकली म्हणून’ यातलं काही घेऊ नये. मायक्रोबायोलॉजीत नाइलाजाने आलेली मुलं दुसऱ्या वर्षातच कंटाळतात.

आत्ता करायचं ते थोडं आहे. नीटचे ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, पण जागा बहुधा हुकते ती फिजिक्समुळे, तेव्हा रोजचा पहिला तास फिजिक्सला द्या. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात. माहीत नसलेला प्रश्न सोडून द्यायची सवय आतापासून लावा. एखाद्या लसीकरणाच्या दिवशी तिला उपकेंद्रात पाठवा आणि सिस्टरांना विचारून लसीच्या कुपीवरचं चिन्ह बघू द्या : आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असला तर लस वापरता येते, तितकाच गडद झाला की टाकून द्यायची. गोवर-रुबेलाची कुपी विरघळवल्यावर चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची, याचं कारणही विचारायला सांगा. तिथे तिला तासभर उभं राहावंसं वाटलं की लवकर घरी यावंसं वाटलं, तेवढं बघा. आणि आरक्षणातून अर्ज करणार असाल तर निकालाची वाट न बघता आत्ताच अर्ज टाका : जात वैधतेचा जात पडताळणी समितीकडे, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवासाच्या दाखल्यांचे तहसीलला. जात वैधतेला महिने जातात, आणि दाखला वेळेत हातात नसला की राखीव जागेवरचा हक्क जातो.